मोटारीचें वंगण आणि दाबमापकाचा कांटा

बैलगाडीचा आंस कोरडा पडला म्हणजे तो कुरकुरूं लागतो. ती कुरकुर गाडीवानाला ऐकूं येते, वाटेवरच्या लोकांना ऐकूं येते, आणि मग गाडीवान खालीं उतरून आंसाला वंगण घालतो. मोटारगाडीची गोष्ट निराळी आहे. तिच्या एंजिनांतील आंस कोरडा पडूं लागला तर तो आधीं कुरकुरत नाहीं. तो निमूटपणें तापतो, आणि ज्या वेळीं आवाज करूं लागतो त्या वेळीं बहुधा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून जुन्या मोटारींतून चालकाच्या डोळ्यांसमोर तेलाचा दाब दाखविणारें एक लहानसें घड्याळ बसवीत असत. या घड्याळाचा कांटा खालीं आला म्हणजे काय समजावें, दोष कोठें शोधावा आणि तो दूर कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी धंद्यानें शिक्षक. कारखान्यांत उमेदवारी केलेला मनुष्य नव्हे. शाळेंत मुलांना दाब, घर्षण आणि पंप हीं प्रकरणें मी वर्षानुवर्षें शिकविलीं, आणि निवृत्त झाल्यावर जुन्या मोटारी जपणाऱ्या कांहीं विद्यार्थ्यांच्या संगतीनें तींच प्रकरणें पुन्हा एकदां, या खेपेस हात तेलानें माखून, अभ्यासलीं. त्यांतून जें ध्यानांत आलें तेंच आज सांगणार आहें.

प्रथम वंगण काय करतें तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, तेलामुळें धातूचे पृष्ठभाग नुसते बुळबुळीत होतात आणि म्हणून ते सहज घसरतात. खरा प्रकार याहून चमत्कारिक आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत बीचम टॉवर नांवाच्या एंजिनिअराचे घर्षणावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यानें एका फिरत्या आंसावर वरून बेअरिंग ठेवून त्यावर वजन दिलें होतें. आंसाचा खालचा भाग तेलांत बुडालेला होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठीं त्यानें एक भोंक पाडलें. यंत्र सुरू होतांच त्या भोंकांतून तेल आंत जाण्याऐवजीं उलट वर येऊं लागलें! त्यानें बूच बसविलें, तें उडालें. लांकडाची खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटीं तेथें दाबमापक लावला, तों त्याचा कांटा चौरस इंचास २०० पौंडांच्या खुणेपलीकडे गेला. वजनामुळें पडणारा सरासरी दाब मात्र सुमारें १०० पौंडच होता. याचा अर्थ असा कीं, फिरणारा आंस तेलाला स्वतःच अरुंद फटींत ओढून नेतो, तेथें दाब उत्पन्न करतो आणि त्या दाबावर स्वतः तरंगतो. १८८६ सालीं ऑसबोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकानें या घटनेची गणितानें उपपत्ति लावली.

तेव्हां निरोगी एंजिनांत धातु धातूला लागत नाहीं. मध्यें तेलाचा पातळ पापुद्रा असतो. आंस आणि बेअरिंग यांतील फट एक-दोन सहस्रांश इंच, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीहून कमी. या फटीच्या कडांतून तेल सारखें गळत असतें, आणि जितकें गळेल तितकें नवें आणून देणें हें पंपाचें काम आहे. पंप हा पाणक्या आहे. भार उचलणारा हमाल नव्हे. पाणक्यानें खेप चुकविली तर काय होतें? पापुद्रा फाटतो, धातु धातूला घांसते आणि उष्णता वाढते. जुन्या एंजिनांच्या बेअरिंगांना पांढऱ्या धातूचें अस्तर ओतलेलें असे. कथिलांत अँटिमनी आणि तांबें मिसळून केलेल्या या मिश्रधातूचें अस्तर असलेल्या बेअरिंगांचें पेटंट अमेरिकेंतील आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं घेतलें. कथिलप्रधान असा हा धातु सुमारें २४० अंश सेंटिग्रेडला वितळूं लागतो. तेल बंद झालें कीं तें अस्तर मेणासारखें वाहून जातें, आणि कांहीं मिनिटांत एंजिन निकामी होतें.

आतां पंप मोटारींत कसा आला तें थोडक्यांत सांगतों. अगदीं आरंभींच्या मोटारींना पंप नसे. कांचेच्या लहान पेल्यांतून थेंब थेंब तेल बेअरिंगांवर पडे, किंवा चालक मधून मधून हातपंपाचा दट्ट्या दाबून तेल पाठवी. वापरलेलें तेल रस्त्यावर गळून जाई. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध ‘टी’ नमुन्याच्या गाडींतही तेलाचा पंप नव्हता आणि दाबमापकही नव्हता. मोठें गतिचक्र तेलांत फिरतांना तें उडवी. उडालेलें कांहीं तेल एका लहान नसराळ्यांत पडून नळीनें एंजिनाच्या पुढच्या टोंकास जाई आणि तेथून परत वाहतांना वाटेंतील पन्हळी भरी. तेल किती आहे हें पाहण्यासाठीं खालच्या बाजूस दोन तोट्या असत: खालच्या तोटींतून तेल आलें पाहिजे, वरच्या तोटीहून वर तें असूं नये. या साध्या योजनेचाही एक ठरलेला रोग होता. त्या गाडीचे वेग बदलणारे पट्टे सुती अस्तराचे असत; त्यांचे तंतु झिजून तेलांत मिसळत आणि ती एकुलती एक नळी तुंबवीत. त्यांतच चढाचा रस्ता असला तर तेल मागें सांचे आणि पुढचें बेअरिंग उपाशी राही.

१९२७ च्या डिसेंबरांत आलेल्या फोर्डच्या ‘ए’ नमुन्यांत दांतेरी चाकांचा पंप होता. पण तो तेल फक्त वरच्या कप्प्यांत चढवी, तेथून तें आपल्या वजनानें मुख्य बेअरिंगांकडे उतरे. दाखविण्याजोगा दाब नसल्यानें त्या गाडीलाही दाबमापक नव्हता. १९२२ पासून १९३९ पर्यंत निघालेल्या चिमुकल्या ऑस्टिन सेव्हन गाडीचा दाब एंजिन तापल्यावर एक-दोन पौंडांवर येई, आणि तें तिच्या प्रकृतीस योग्यच होतें. १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. त्यानंतर आपल्याकडे विशेष दिसूं लागलेल्या सहा नळकांड्यांच्या शेव्हरोलेचा दाबही इतर कित्येक गाड्यांच्या मानानें कमीच असे. हें सांगण्याचा हेतु इतकाच कीं, कांटा ‘कमी’ आहे असें म्हणण्यापूर्वीं त्या गाडीचा निरोगी दाब किती, हें प्रथम ठाऊक पाहिजे. एकाच्या नाडीवरून दुसऱ्याचा ज्वर ठरवितां येत नाहीं.

आतां पंपाची रचना पाहूं. एका बंद पेटींत दोन दांतेरी चाकें एकमेकांत गुंतून फिरत असतात. तेल त्या दोहोंच्या मधून दाबलें जातें असें पाहणारास वाटतें. परंतु तसें नाहीं. तें दांत आणि पेटीची भिंत यांमधील खांचांत बसून बाहेरच्या बाजूनें फिरून पलीकडे जातें. मध्यभागीं दांत एकमेकांत बसतात तेव्हां तेलाला परत येण्यास वाट राहत नाहीं, म्हणून तें पुढें ढकललें जातें. यावरून दिसून येईल कीं, पंपाचा प्राण त्याच्या भिंतींत आणि झांकणांत आहे. तेथें फट वाढली कीं तेल आंतल्या आंतच मागें फिरतें.

येथें या विषयाचें मर्म येतें. पंप दाब देत नाहीं. पंप प्रवाह देतो. दाब उत्पन्न होतो तो प्रवाहाला झालेल्या अडथळ्यामुळें. बागेंतील रबरी नळीचें तोंड मोकळें असतां पाणी नुसतें ओघळतें. तोंडावर अंगठा ठेवला म्हणजे तेंच पाणी दूर उडतें. नळाचें पाणी वाढलें नाहीं, वाट अरुंद झाली. एंजिनांत बेअरिंगांच्या बारीक फटी म्हणजे हा अंगठा. बेअरिंगें झिजलीं कीं अंगठा सैल पडतो, आणि पंप निर्दोष असूनही कांटा खालीं येतो. उलट पक्षीं, पुढें एखादी वाट तुंबली असेल तर कांटा थाटानें वर उभा राहतो, आणि त्या वाटेवरील बेअरिंग कोरडें पडून जळतें. म्हणून खालीं आलेला कांटा म्हणजे बिघडलेला पंप नव्हे, आणि वर असलेला कांटा म्हणजे निर्भयता नव्हे. कांटा हें लक्षण आहे, रोग नव्हे.

तें लक्षण कसें वाचावें? कांटा केव्हां आणि कसा पडतो, हें आधीं नीट पाहावें. थंड एंजिनांत दाब चांगला आणि तापल्यावर कमी, असें असेल तर तेल फार पातळ झालें असेल किंवा बेअरिंगें झिजलीं असतील. थिजलेलें तूप आणि कढविलेलें तूप यांतील फरक गृहिणींना सांगावयास नको. तेलाचेंही तसेंच आहे. कांटा वळणावर किंवा चढावर तेवढाच पडत असेल तर तेल कमी आहे आणि शोषनळीचें तोंड उघडें पडत आहे. कांटा सारखा थरथरत असेल तर पंपांत तेलाबरोबर हवा शिरत आहे. चालतां चालतां कांटा एकदम शून्यावर आला तर पंप फिरविणारी खीळ तुटली असेल किंवा दाबाच्या झडपेखालीं कचरा अडकून ती उघडी राहिली असेल. आणि एंजिन नुकतेंच खोलून जोडलें असून कांटा मुळींच हलत नसेल, तर पंप कोरडा राहिला आहे. त्यानें तेल धरलेंच नाहीं.

शोधाचा क्रमही ठरलेला असावा. जें सोपें, बाहेरचें आणि बिनखर्चाचें तें प्रथम. जें अवघड आणि आंतलें तें शेवटीं. रस्त्यांत कांटा पडला तर पहिलें काम एकच: एंजिन ताबडतोब बंद करणें. पुढच्या गांवापर्यंत हळूहळू जाऊं, हा विचार सर्वांत महाग पडतो. मग गाडी सपाट जागेवर उभी करून, थोडा वेळ जाऊं देऊन, मोजपट्टीनें तेल पाहावें. तें बोटांवर घेऊन पाहावें, हुंगावें. पेट्रोलचा वास आला तर तें पातळ झालें आहे. दुधासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. अशा स्थितींत पंपाला दोष देऊन काय उपयोग?

त्यानंतर दाबमापकाचीच परीक्षा करावी. हें उपकरण १८४९ सालीं युजेन बूर्दाँ या फ्रेंच गृहस्थानें शोधिलें. त्यांत एक वांकडी, चपटी, टोंकास बंद केलेली नळी असते. आंत दाब आला कीं ती थोडी सरळ होऊं पाहते आणि कांटा फिरविते. ही नळी थकते, तिच्याकडे येणारी बारीक तांब्याची नळी गाळानें तुंबते. खात्रीचा दुसरा दाबमापक मिळाला तर तो जोडून पाहणें हा उत्तम मार्ग. तो चांगला दाब दाखवील तर काम तेथेंच संपलें.

दाबमापक खरा निघाला तर पाळी दाबाच्या झडपेची. दाब फाजील वाढूं नये म्हणून स्प्रिंगनें दाबून धरलेली एक गोळी किंवा लहान दट्ट्या वाटेंत असतो. पुष्कळ गाड्यांत तो बाहेरून पान्यानें खोलतां येतो. गोळी आणि तिची बैठक रॉकेलनें स्वच्छ धुवावी, कण असेल तो काढावा, स्प्रिंग मोडली असेल तर बदलावी. परंतु येथें एक मोह असतो. स्प्रिंगच्या मागें दोन वायसर घातले कीं कित्येकदां कांटा वर चढतो, आणि मालक संतुष्ट होतो. झिजलेल्या एंजिनांत असें करणें म्हणजे ज्वर उतरविण्यासाठीं ज्वरमापक थंड पाण्यांत बुडविणें होय.

हें सर्व झाल्यावरच एंजिनाखालचें तेलाचें कुंड उतरावें. त्या काळच्या तेलांत गाळ तरंगत ठेवणारीं द्रव्यें नसत, म्हणून तो तळाशीं आणि शोषनळीच्या जाळीवर डांबरासारखा बसे. वर्षानुवर्षें न उघडलेल्या एंजिनांत तो आजही सांपडतो. जाळी धुतली कीं कित्येक ‘बिघडलेले’ पंप बरे होतात.

या बाबतींत एक उदाहरण सांगतों. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे त्याच्या आजोबांची १९३० सालच्या सुमाराची गाडी आहे. तिचा कांटा थरथरे आणि मधूनच शून्याला टेंके. एका कारखान्यानें पंप बाद ठरविला. मोठ्या खटपटीनें दुसरा पंप मिळवून बसविला. कांटा थरथरतच राहिला. मग बेअरिंगें नव्यानें ओतावीं लागतील असें सांगण्यांत आलें. पांढरा धातु ओतून हातानें घोटणारे कारागीर आतां फार थोडे राहिले आहेत. त्यामुळें गाडी मोडीत काढावी कीं काय, अशी गोष्ट घरांत निघूं लागली. तो माझ्याकडे आला तेव्हां मीं विचारलें, “अरे, कांटा नेहमींच थरथरतो, कीं कधीं स्थिरही असतो?” तो थोडा आठवून म्हणाला, “गुरुजी, तेल नुकतेंच भरलें असलें म्हणजे कांहीं दिवस स्थिर असतो खरा.”

त्या एका वाक्यांत निदान होतें. बेअरिंगें तेल भरल्यानें बरीं होत नाहींत, आणि झिजलेला पंपही होत नाहीं. तेलाची पातळी पूर्ण असतां जो दोष झांकला जातो आणि थोडी उतरतांच उघडा पडतो, तो त्या पातळीच्या जवळच असला पाहिजे. त्या एंजिनांत पंप तेलाच्या वर असून नळीनें तेल ओढून घेई. कुंड उतरविलें तेव्हां शोषनळीच्या सांध्याला, भरल्या तेलाच्या खुणेच्या किंचित् खालीं, नखाएवढी चीर सांपडली. चीर तेलांत बुडालेली असे तोंवर पंप तेलच ओढी. ती उघडी पडली कीं तो हवा ओढूं लागे. सांध्याला पितळी डाख दिला आणि आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आली. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा प्रकार तोंवर चालला होता. कारखान्यांतील माणसें अडाणी नव्हतीं; त्यांनीं कांट्याकडे पाहिलें, पण कांटा केव्हां हलतो हें गाडी चालविणाराला विचारलें नाहीं.

पंप खरोखरच झिजला असेल तर त्याचाही उपाय कठीण नाहीं. झांकण काढून चाकांच्या माथ्यावर सरळ पट्टी ठेवावी आणि फट मोजावी. दोन-तीन सहस्रांश इंच फट ठीक. चार-पांच सहस्रांशांहून अधिक झाल्यास तेल मागें फिरूं लागतें. बहुधा झांकणावरच चाकांनीं वर्तुळाकार चर पाडलेले असतात. जाड सपाट कांचेवर बारीक एमरी आणि तेल पसरून त्यावर झांकण आठाच्या आंकड्याप्रमाणें फिरवीत घांसलें कीं तें पुन्हा सपाट होतें. मग एमरीचा कणही राहणार नाहीं असें तें धुवावें. झांकणाखालचें कागदी पॅकिंग मूळचें होतें तितकेंच पातळ असावें. जाड कागद घातला कीं तितकीच फट आपण आपल्या हातांनीं वाढविली. पेटीची भिंतच झिजली असेल तर मात्र पंप बदलण्यावांचून गति नाहीं.

बेअरिंगें दोषी कीं पंप, असा संशय उरलाच तर एक सुंदर कसोटी आहे. कुंड उतरवून ठेवावें, एका बंद टांकींत तेल भरून हवेच्या दाबानें तें एंजिनाच्या तेलवाटेंत सोडावें आणि खालून पाहत बसावें. येथें पंपाचा संबंधच नाहीं. ज्या बेअरिंगांतून थेंब थेंब पडतो तें निरोगी. जेथून धार लागते तें झिजलेलें. आणि जेथून कांहींच पडत नाहीं त्याची वाट तुंबलेली. शेवटचें सर्वांत धोक्याचें, कारण दाबमापकावर त्याची खूण दिसतच नाहीं.

सर्व जोडून झाल्यावर एक गोष्ट कधींही विसरूं नये. कोरडा पंप तेल ओढूं शकत नाहीं, कारण चाकांच्या फटींतून हवा सहज मागें फिरते. म्हणून बसवितांना पंप तेलानें किंवा व्हॅसलिननें भरावा. मग स्पार्क प्लग काढून ठेवून, कांटा हलेपर्यंत एंजिन हातानें फिरवावें, आणि त्यानंतरच तें सुरू करावें. दीर्घ काळ उभ्या असलेल्या गाडीलाही हाच नियम लागू आहे. उत्साहाच्या भरांत ती एकदम सुरू करणाऱ्यांनीं पुष्कळ जुनीं एंजिनें एका सकाळींत गमाविलीं आहेत.

श्रोतेहो, आपल्यापैकीं फार थोड्यांच्या घरीं अशी जुनी मोटार असेल. परंतु घरांत रक्तदाब मोजण्याचें यंत्र आहे, विजेचें मीटर आहे, मुलांच्या प्रगतिपुस्तकांतील गुणांचे आंकडे आहेत. हे सगळे कांटेच होत. ते खालीं गेले कीं वर कसे चढवावे याची आपणांस घाई होते. तो केव्हांपासून पडूं लागला, कोणत्या वेळीं पडतो आणि कोणत्या वेळीं पडत नाहीं, हें ज्याच्या नित्य सहवासांत तो आहे त्याला आधीं विचारावें. अर्धें निदान तेथेंच होतें, आणि उरलेलें अर्धें पाना हातीं घेतल्यावर.